सोडियम कुणाचं उतरणार?

ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनी रक्तातलं सोडियम उतरतं, हे मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला आम्ही सगळ्यांनीच पाठ केलेलं असतं. थायाझाइडचे, म्हणजे लघवीवाटे मीठ काढून प्रेशर उतरवणाऱ्या गोळ्यांचे, दुष्परिणाम लिहा म्हटलं की पोटॅशियम कमी, सोडियम कमी, युरिक अ‍ॅसिड वाढतं, साखर वाढते अशी माळ ओढायची आणि मार्क पदरात पाडून घ्यायचे. दवाखाना थाटून बसल्यावर मात्र प्रश्न उलटा होऊन समोर येतो. बाहेरच्या बाकावर गोळी घेणाऱ्या बायका ओळीनं बसलेल्या असतात. बहुतेकींची गोळी तीच, डोसही तोच. यातल्या कुणाचं सोडियम उतरणार?

माझा दवाखाना निपाणी भागात, वेदगंगेच्या काठच्या एका गावात आहे. एका उन्हाळ्यात माझ्या टेबलावर लागोपाठ डिस्चार्ज कार्डं यायला लागली आणि त्यांवर निदान एकच: हायपोनॅट्रेमिया, म्हणजे रक्तातलं सोडियम कमी. रक्तात सोडियम 135 ते 145 मिलिमोल प्रति लिटर असावं लागतं. एकीचं 115 च्या आसपास गेलं होतं. ती न्हाणीत पडून खुब्याचं हाड मोडून घेऊनच दवाखान्यात पोचली. दुसरी दोन दिवस असंबद्ध बडबडत होती. घरच्यांनी आधी देवर्षी गाठला, मग अ‍ॅम्ब्युलन्स. तिसरीच्या घरी तर कुणाला काही वावगं वाटलंच नव्हतं. जेवत नाही, झोपून असते, आता वय झालं म्हणायचं. या सगळ्या ताप-खोकल्याला माझ्याकडे येणाऱ्या, पण प्रेशरची गोळी कुणाची कोल्हापूरची, कुणाची गडहिंग्लजची, कुणाची सरकारी दवाखान्यातली. कार्डं शेजारी शेजारी ठेवून वाचल्यावर वाटलं, या बायका एकमेकींच्या बहिणी शोभाव्यात इतक्या सारख्या आहेत. सत्तरी ओलांडलेल्या, काटकुळ्या, अन्न मोजकं आणि पाणी भरपूर. पुढच्या उन्हाळ्याआधी आपल्याकडच्या अशा बायका आपणच शोधून ठेवायच्या, असं तेव्हा ठरवलं.

पहिलं काम, ही थायाझाइडची गोळी नक्की घेतं कोण, हे काढायचं. सोपं वाटतं, तसं नाही. सीमाभागातल्या पेशंटची पिशवी उघडली की दोन राज्यं बाहेर पडतात. हृदयाचे कागद कोल्हापूरचे, गुडघ्याचे मिरजेचे, झोप लागत नाही म्हणून बेळगावच्या डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी वेगळी, आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचं कार्ड कन्नडमध्ये. प्रत्येकानं आपापल्यापुरतं बरोबरच लिहिलेलं असतं. सगळं एकत्र बघतं फक्त ती पिशवी.

त्यात गोळ्यांच्या स्ट्रिप. आमच्याकडे एकदम महिन्याची गोळी घेणारे थोडे. दहा द्या, पाच द्या, आठवड्याच्या बाजारापुरत्या द्या, असंच चालतं. दुकानदार कात्रीनं स्ट्रिप कापतो आणि नेमकं नाव असलेला तुकडा दुकानातच राहतो. पेशंटच्या हातात येतात चार चंदेरी फुगवटे आणि मागं अर्धवट अक्षरं. एका मावशींच्या तुकड्यावर फक्त ‘40 एच’ एवढंच उरलं होतं. पण आपलं काम त्या ‘एच’वरच चालतं. नावापुढं एच असेल तर आत हायड्रोक्लोरोथायाझाइड असतं. सीटी किंवा सीएच असेल तर बहुधा त्याच कामाचं क्लोरथॅलिडोन. इंडापामाइड सहसा स्वतःच्या वेगळ्याच नावानं फिरतं. पेशंटला विचाराल तर ‘प्रेशरची एकच गोळी’ असं ती शपथेवर सांगते, आणि ते खरंच असतं. एका गोळीत दोन-तीन औषधं आहेत हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. गावातल्या मेडिकलवाल्याशी बोलले. त्यानं बिचाऱ्यानं कापताना नावाची बाजू पेशंटकडं ठेवायला सुरुवात केली. या सगळ्या खटाटोपात सगळ्यात जास्त फरक पडला असेल तर त्याच्या कात्रीनं.

इथं एक सांगून ठेवते, नाहीतर वाचणारे उद्या गोळी बंद करतील. ही औषधं वाईट नाहीत. थायाझाइड घराण्यातलं पहिलं औषध 1958 मध्ये बाजारात आलं, आणि तेव्हापासून लकवा आणि हृदयविकार टाळण्यात या गटाचा वाटा मोठा आहे. ऐंशी वर्षांवरच्या माणसांचं प्रेशर उतरवावं की नाही, हा वाद 2008 मधल्या हायव्हेट या अभ्यासानं बऱ्याच अंशी मिटवला, आणि तो याच गटाजवळच्या इंडापामाइडवर झाला होता. हृदय थकण्याचं प्रमाण त्यात निम्म्याहून खाली आलं. स्वस्त आहे, दिवसातून एकदाच घ्यायचं आहे. 2017 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रेशर-नियंत्रण उपक्रमाच्या उपचारपत्रकातही अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन यांच्या जोडीला क्लोरथॅलिडोन आहे. तेव्हा ‘एच’ दिसला की खोडून टाका, हा काही मार्ग नव्हे. कुणाला देताना डोळे उघडे ठेवायचे, एवढाच प्रश्न.

आता सोडियम उतरतं म्हणजे काय होतं, ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही, कारण माझी सगळी यादी त्यावरच बेतलेली आहे. बायका रिपोर्ट घेऊन यायच्या तेव्हा हमखास संवाद व्हायचा.

‘मॅडम, रिपोर्टात मीठ कमी आलंय म्हणतासा, आणि वर पाणी कमी प्या म्हणतासा? मीठच खाते की जरा जास्त.’

‘आज्जी, आमटीत दोन तांबे पाणी ओतलं तर मीठ कुठं जातं काय? मीठ तेवढंच असतं, आमटी अळणी होते.’

बहुतेक वेळा हेच घडतं. मूत्रपिंडात लघवी पातळ करायचा एक टप्पा असतो. मीठ परत आत ओढून घ्यायचं आणि जादा पाणी बाहेर सोडायचं, हे तिथलं काम. थायाझाइड नेमकं तिथलं मीठ ओढणं बंद पाडतं. त्यामुळं लघवीतून मीठ जातं आणि प्यालेलं जादा पाणी मात्र पुरेसं बाहेर पडत नाही. फ्युरोसेमाइडसारखी जोरदार लघवीची गोळी मूत्रपिंडाच्या दुसऱ्या भागात काम करते आणि लघवी घट्ट करायची ताकदच कमी करते, म्हणून तिच्यानं हा प्रकार तुलनेनं कमी होतो. ‘लघवीची गोळी’ म्हणून सगळ्यांना एकाच दावणीला बांधता येत नाही ते यामुळं.

खाण्याचा संबंधही इथंच लागतो. पाणी बाहेर टाकायला मूत्रपिंडाला त्याच्याबरोबर काहीतरी विरघळलेलं टाकावं लागतं, मीठ आणि प्रथिनांचा युरिया. नीट जेवणाऱ्या माणसाकडं रोज असे 600 ते 900 मिलिऑस्मोल (विरघळलेल्या कणांचं माप) असतात. पेज, चहा-बटर आणि चिमूटभर भात यांवर जगणाऱ्या म्हातारीकडं समजा 300 च असतील. तब्येत ठीक असताना लघवी लिटरमागं 50 पर्यंत पातळ होऊ शकते, म्हणजे 300 भागिले 50, सहा लिटर पाणी ती सहज काढून टाकेल. गोळीमुळं लघवी 300 च्या खाली पातळच होत नसेल, तर हिशेब येतो एक लिटर. त्याच्यावर ती जे पिईल त्यातलं घामावाटे गेलं ते गेलं, बाकीचं अंगातच. हा भागाकार मी एकदा कागदावर करून बघितला आणि त्या डिस्चार्ज कार्डांवरच्या बायका माझ्या डोळ्यांपुढं आल्या. प्रेशर आहे म्हणून घरच्यांनी मीठ तोडलेलं, दात नाहीत म्हणून डाळ-उसळ सुटलेली, आणि ‘उन्हाळा आहे, पाणी पी’ म्हणून सून दर तासाला तांब्या पुढं करणारी. प्रेमानंच.

वही केली. शाळेतल्या मुलांची दोनशेपानी, आडव्या रेघांची. रकाने पाडले: वय, बाई की पुरुष, वजन, गोळी आणि डोस, इतर गोळ्या, पाणी, खाणं, आधीचं सोडियम-पोटॅशियम. माझा भाचा बेंगळुरूला डेटा सायन्समध्ये आहे. तो सुट्टीला आला तेव्हा वही बघून त्याचे डोळे चमकले. ‘मावशी, हे दे मला, मी मॉडेल बनवून देतो. नाव टाकलं की टक्केवारी येईल.’ रात्री बसला लॅपटॉप घेऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला आला तो तोंड पाडून. जुन्या नोंदींत निम्म्या लोकांचं वजनच नव्हतं. शिवाय सोडियम खरोखर खाली गेलेल्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि रकाने त्याहून जास्त. मशीन त्यांच्यावरून शिकणार काय? त्या चारचौघींची नावंच पाठ करणार. पण त्यानं जाता जाता एक प्रश्न विचारला तो मला आजही उपयोगी पडतो: ‘ज्यांचं रक्त तपासलंच नाही, त्यांचं सोडियम नॉर्मल होतं हे तू कशावरून धरलंस?’

खरं होतं. सोडियम मागवलं जातं ते माणूस आजारी पडल्यावर. जी घरात निमूट झोपून राहिली तिचं रक्त कुणी काढलंच नाही, आणि कागदोपत्री ती ठणठणीत. जुन्या नोंदींवरून भाकीत करायला गेलं तर आपण सोडियम कुणाचं उतरतं हे शिकत नाही, तपासणी कुणाची होते हे शिकतो. आमच्या भागात तपासणी होते ती जिचा मुलगा कोल्हापुरात नोकरीला आहे तिची. तेव्हा मी जुन्या नोंदींचा नाद सोडला. जगभरच्या अभ्यासांतून ज्या खुणा पुन्हा पुन्हा निघाल्या आहेत त्या धरायच्या, आणि ज्यांच्यावर खूण पडेल त्यांचं रक्त बरं असतानाच तपासायचं.

खुणांमध्ये वय आणि बाईपण हे दोन तर उघडच. तिसरी खूण वजन, आणि तिच्याकडं सगळ्यात कमी लक्ष जातं. अंगात एकूण पाणीच कमी असलेल्या बाईला लिटरभर जादा पाणी जड जातं, तेवढंच पाणी धिप्पाड माणसाला जाणवतही नाही. इकडच्या कित्येक बायकांची हयात सूप मांडीवर घेऊन विड्या वळण्यात गेली. अंगावर मांस नाही, पाठ वाकलेली. वजनकाट्यावर उभं केलं की खालची पट्टी बघायला वाकतात आणि काटा हलतो. ‘वजन कशाला बघालायसा, बाजारात न्यायचीय काय मला?’ असं एका आक्कांनी विचारलं आणि बाकावरच्या सगळ्या हसल्या. काटा चाळिशीच्याही खाली होता. नाव वहीत गेलं, शेजारी लाल टिंब.

इतर गोळ्यांचा रकाना भरताना मात्र माझं मलाच नवल वाटलं. मन उदास आहे, झोप नाही म्हणून दिलेल्या एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालिन या गोळ्या स्वतःच सोडियम उतरवू शकतात. फिटसाठीची किंवा चेहऱ्याच्या नसेच्या कळेसाठीची कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन तर त्याबाबतीत कुप्रसिद्धच. गुडघेदुखीच्या गोळ्या मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवायला लावतात. पित्ताच्या गोळीचं नावही या यादीत येतं. यातली एकेक गोळी एकेकटी फार काही करणार नाही, पण ‘एच’च्या जोडीला आली की पारडं झुकतं. आणि ही जोडी जुळवणारा कुणी एक डॉक्टर नसतो, दोन गावचे दोन असतात. मानसोपचाराची गोळी तर बायका पिशवीत ठेवतच नाहीत. घरात बरण्यांच्या मागं असते. ‘डोक्याची गोळी’ म्हटलं की बाकावर सगळ्यांसमोर कुणी कबूल करत नाही. म्हणून तो प्रश्न मी प्रेशर मोजताना, पट्टा फुगवता फुगवता, हळूच विचारते.

पाण्याच्या रकान्यानं सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. दिवसाला किती पाणी पिता, याचं उत्तर ठरलेलं: ‘लागंल तेवढं.’ त्यात मोबाइलवरून आलेलं ज्ञान. सकाळी उठल्या उठल्या अनशापोटी तांब्याभर पाणी, पोट साफ, प्रेशर साफ, साखरही साफ. एका काकूंना म्हटलं, उद्या येताना तो तांब्याच घेऊन या. आणला. जुना, पितळी, पोटानं गच्च. सिस्टरनं सलाईनची पाचशे मिलिलिटरची रिकामी बाटली घेतली आणि मापून ओतायला लागली. दोन बाटल्या गेल्या, तिसरीतलंही बरंच गेलं, तरी काठाला पाणी लागेना. काकू मान वर करून म्हणाल्या, ‘खरं मॅडम, असले दोनच पिते की.’ नाश्त्याच्या आत अडीच लिटर. दिवस अजून पुढं होताच.

पाणी वाईट नसतं न्हवं, असं विचारणाऱ्यांना काय सांगायचं? विडीच्या कारखान्यात, उसाच्या फडात राबणाऱ्या, घाम गाळणाऱ्या बाईला पाणी हवंच. सावलीत बसलेल्या, कमी जेवणाऱ्या, ‘एच’वाल्या आज्जीनं तहानेपुरतं प्यावं. दोघींना एकच सल्ला देता येत नाही, आणि मोबाइल दोघींना एकच सल्ला देतो. नारळपाण्याचाही असाच गैरसमज. अशक्तपणा आला की आमच्याकडं लगेच शहाळं. त्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम फार थोडं. उतरलेल्या सोडियमला त्यानं काही आधार मिळत नाही, अंगात पाण्याची भर मात्र पडते.

मग रक्त. ज्यांच्यावर दोनपेक्षा जास्त खुणा होत्या त्यांना गोळी सुरू करण्याआधी एकदा आणि सुरू केल्यावर दोन आठवड्यांनी एकदा सोडियम-पोटॅशियम, असं ठरवलं. दोन आठवडे का, तर थायाझाइडनं उतरणारं सोडियम बऱ्याचदा सुरुवातीच्या दिवसांतच उतरतं. आधीपासून घेत असलेल्यांसाठी फाल्गुन संपता संपता, उन्हं तापायच्या आत. पहिल्याच रिपोर्टात सोडियम 136 च्या घरात आणि पोटॅशियम साडेतीनच्या खाली असेल, तर ती बाई उंबरठ्यावर आहे असं मी धरते. पोटॅशियमची भरपाई केली की सोडियमही थोडं सावरतं. पुष्कळांना हे ठाऊक नसतं.

लॅबच्या आकड्यालाही डोळे झाकून मान देता येत नाही. एकच रक्त दोनदा लावलं तरी दोन-तीनचा फरक पडतो, म्हणून 134 बघून घरच्यांची झोप उडवायची नाही. ज्या हाताला सलाईन चालू आहे त्याच हातातून रक्त काढलं तर येणारा आकडा सलाईनचाच. आणि साखर चारशेवर असेल तर सोडियम आकड्यात चार-पाचनं कमी दिसतं. साखर उतरली की ते आपोआप वर येतं. एकदा असाच रिपोर्ट घेऊन एका आजोबांचा मुलगा धावत आला होता. आजोबा बाहेर मोटारसायकलवर बसून गूळ-शेंगदाणे खात होते.

घरच्यांचा विरोध मला अपेक्षित होता त्याहून सौम्य निघाला, पण होता. ‘आज बरी हाय तर रक्त कशाला काढायचं?’ याला माझ्याकडं एका ओळीचं उत्तर नाही. पैसे त्यांचे जातात, सुई त्यांना टोचते. आणि खरं सांगायचं तर लाल टिंबवाल्या बहुतेक बायकांचं सोडियम ठीकच आलं. सगळ्या खुणा असलेली, चाळीस किलोची, तांब्याभर पाणी पिणारी बाई, आणि सोडियम 140. याचं नवल वाटायला नको. दुर्मिळ गोष्टीचं भाकीत करायला बसलं की असंच होणार. खुणांनी माणसं गाळून घेता येतात, निवाडा होत नाही. 2017 मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी थायाझाइडनं सोडियम उतरलेल्यांच्या जनुकांचा अभ्यास केला, तेव्हा प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन वाहून नेणाऱ्या एका प्रथिनाच्या जनुकातला फरक काही जणांत अधिक आढळला. म्हणजे दोन सारख्या दिसणाऱ्या बायकांत एकीचंच का उतरतं, याचं थोडं उत्तर तिच्या रक्तातच लिहिलेलं असू शकतं. ते वाचायची सोय आमच्याकडं कधी होईल तेव्हा होईल. तोवर मला टिंबाचा उपयोग एवढाच, की कुणाला केव्हा बोलवायचं ते कळतं. ज्यांचं उतरतं आहे असं दिसलं त्यांची गोळी तिथंच थांबली. बदल्यात अ‍ॅम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टन, आणि पहिल्या डॉक्टरांना कळवायला चिठ्ठी. पाय सुजले म्हणून अ‍ॅम्लोडिपिनवर कुरकुर झाली, ती ऐकून घेतली. एकदा थायाझाइडनं जिचं सोडियम खाली गेलं, तिला ती पुन्हा कधी द्यायची नाही. तिच्या फाइलवर मी ते लाल शाईनं मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून ठेवते, कारण पुढच्या वेळी ती कुणापुढं बसेल ते सांगता येत नाही.

आणि सलाईन. आमच्याकडं गळून गेलेल्या माणसाला सलाईन न लावणारा डॉक्टर म्हणजे डॉक्टरच नव्हे. सोडियम उतरलंय असं घरच्यांना कळलं की पहिली मागणी तीच, आणि याच बाबतीत मी हट्टी आहे. गोळी थांबली आणि सलाईन गेलं की मूत्रपिंडाचं अडलेलं काम एकदम मोकळं होतं, भराभर लघवी होते आणि सोडियम झपाट्यानं वर चढतं. चोवीस तासांत आठ-दहापेक्षा जास्त चढलं तर मेंदूतल्या नसांच्या आवरणाला इजा होऊ शकते. माणूस आधी शुद्धीवर आल्यासारखा वाटतो आणि काही दिवसांनी हातपाय, वाचा जाते. उलट काही जणांत साध्या सलाईननं सोडियम आणखीच उतरतं. दर काही तासांनी रक्त तपासायची सोय जिथं आहे तिथंच हे काम. ज्याला फिट आली, जो हाक मारून उठत नाही, त्याला तीन टक्क्यांचं, म्हणजे जास्त मिठाचं, सलाईन मोजून द्यावं लागतं. माझ्या खाटेवर ते होणार नाही. ‘बाटली लावत न्हाई आणि निपाणीला धाडत्यात’ असं माझ्याबद्दल गावात बोललं जातं, ते मला माहीत आहे.

वही भरत आली होती, टिंबं नीट बसली होती, आणि माघात चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेहून एक शेतकरी परतला. पन्नाशीचा, अंगानं दणकट, जेवायला खमक्या. माझ्या वहीत त्याच्या नावापुढं एकही टिंब नव्हतं. यात्रेत काहीतरी खाण्यात आलं, जुलाब-उलट्या सुरू झाल्या. पोटात अन्न टिकेना म्हणून तीन दिवस नुसतं पाणी आणि लिंबूपाणी पीत राहिला. प्रेशरची गोळी मात्र एक दिवस चुकवली नाही, कारण ‘कधी चुकवायची न्हाई’ हे त्याला मीच बजावलेलं. मुलानं आणला तेव्हा तो मुलालाच ‘तू कुठला?’ विचारत होता. निपाणीत रक्त झालं, 121. चार-पाच दिवसांत सुधारून घरी आला.

वय, वजन, बाईपण हे सगळं माणसाबरोबर कायम चालतं, म्हणून ते वहीत लिहिता येतं. जुलाबाचे तीन दिवस आधी लिहून ठेवता येत नाहीत. ते ओळखायचं काम घरातल्या माणसानंच करायचं, आणि त्यासाठी त्याला काय करायचं ते आधी सांगून ठेवावं लागतं. म्हणून आता ‘एच’, ‘सीटी’, ‘सीएच’वाल्या प्रत्येकाला, टिंब असो नसो, एक चिठ्ठी मिळते. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड, कारण गोकाक, हुक्केरीकडून आलेल्या सुना कन्नडच वाचतात आणि सासूच्या गोळ्या त्यांच्याच हातात असतात. मजकूर असा:

उलट्या, जुलाब, ताप आला, जेवण तुटलं, तर ही गोळी त्या दिवसापासून थांबवा आणि दवाखान्यात फोन करा. नुसतं पाणी पाजू नका. मेडिकलमधली ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण मिसळून घोट घोट द्या, डब्यातलं गोड पेय नको. माणूस बडबडायला लागला, तोल जायला लागला, उठेनासा झाला, तर वाट बघू नका. बरं वाटल्यावर गोळी आपल्या मनानं सुरू करू नका. बरं असताना गोळी आपल्या मनानं बंद करू नका.

शेवटच्या दोन वाक्यांवर कन्नड करून देणाऱ्या शेजारच्या मास्तरांनी हरकत घेतली. ‘एकदा सुरू करू नका, एकदा बंद करू नका, लोक गोंधळतील.’ मी ती दोन्ही ठेवली. गोंधळले तर फोन तरी करतील.